चौथ्या टगवरची गाठ

बंदरात नवखा माणूस आला की त्याला जहाज दिसतं, टग दिसत नाही. डोंगराएवढं धूड धक्क्याला लागत असतं, लोक माना वर करून त्याच्याकडे बघत असतात, आणि त्याच्या पोटाशी धापा टाकत, त्याचा कान धरून त्याला जागेवर आणणारी ती बुटकी बोट कुणाच्या खिजगणतीतही नसते. नसेना का! टगवरच्या माणसांना त्याची सवय असते. मामालाही होती.

मामा म्हणजे टगवरचा खलाशी. एकतीस वर्षं, चार टग. काय काम करतोस म्हणून कुणी विचारलं तर सांगायचा, ‘‘जहाजाचा दोर घेतो, हुकात अडकवतो, काम झालं की सोडतो.’’ संपलं. त्याला मामा हे नाव पडलं त्याच्या भाचीमुळे. अडीच वर्षांची असताना ती धक्क्यावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ‘मामाऽऽ’ म्हणून ओरडली, आणि त्या दिवसापासून कप्तानापासून चहावाल्यापर्यंत सगळ्या बंदराचा तो मामा झाला. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे बाप्येही त्याला मामाच म्हणत.

त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आई लवकर गेली, धाकटी बहीण पदरात पडली, तिला वाढवता वाढवता याचं वय निघून गेलं. तिच्या वेण्यासुद्धा यानेच घातल्या. दोराचे तीन पेड वळणाऱ्याला केसांचे तीन पेड काय जड? शाळेतल्या बाई विचारायच्या, ‘‘वेणी कोण घालतं गं तुझी? संध्याकाळपर्यंत हलत नाही मेली.’’ बहीण ऐटीत सांगायची, ‘‘दादा.’’ मामाच्या हातची गाठ सुटत नाही, ही त्या घराची एकच श्रीमंती होती.

आता टगांचं ऐका. पहिली होती म्हातारी. कोळशावर चालायची, आणि भोंगा असा द्यायची की हमालाच्या खांद्यावरचं पोतं खाली यावं. दुसरी ढेरपोटी, डिझेलची. तिच्यावरून घरी आलं की जेवणाला डिझेल, उशीला डिझेल. तिसरी हट्टी. सुकाणू उजवीकडे फिरवा, बाईसाहेब आधी थोडं डावीकडे जाऊन येणार आणि मगच ऐकणार. आणि चौथी नवी. बारा वर्षं झाली तिला बंदरात येऊन, रंग तीनदा उडाला, तरी तिचं नाव नवीच. काही घरांत सून स्वतः सासू होईपर्यंत नवीच राहते, तसला प्रकार.

हुकाचंही सांगायला हवं. ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, तेव्हा जरा दम धरा. टगच्या मागच्या डेकवर एक लोखंडी हूक असतो. जहाजाचा दोर त्या हुकात अडकवतात. हुकाला खटका असतो, खटका पाडला की हूक उघडतो आणि दोर सुटतो. टग समोरून, मागून कितीही ओढ सोसते, पण आडवी ओढ तिला सोसत नाही. जहाज पुढे निघालं आणि टग वेळेत वळली नाही की दोर तिला कुशीवर पाडतो. वीस आकडे मोजून व्हायच्या आत ती उलटते. तेवढ्यात खटका पाडायचा. पाडला तर वाचलात.

म्हातारीचा खटका झिजून गेला होता. नुसत्या हादऱ्याने आपोआप पडायचा. ताणलेला दोर असा अचानक सुटला की तो समोर काय आहे ते बघत नाही. मामाच्या डोळ्यांदेखत एका खलाशाचा पाय गुडघ्याखाली तुटून गेला. तेव्हा म्हातारीवरच्या सगळ्यात जुन्या खलाशाने मामाला शिकवलं की खटक्याला दोरीचे दोन वेढे घालायचे, वर ओढगाठ मारायची आणि टोक हाताशी ठेवायचं. टोक ओढलं की एका हिसक्यात गाठ सुटते, आणि नाही ओढलं तर खटका जागचा हलत नाही. म्हातारीवर त्या गाठीने माणसं वाचवली, हे खोटं नाही. मग ढेरपोटीवर तीच गाठ, हट्टीवर तीच. हात एकदा शिकले की डोक्याला विचारायला येत नाहीत.

नवीचा हूक वेगळा होता. खटका भक्कम. केबिनमध्ये सुकाणूशेजारी एक मूठ होती आणि तिच्यापासून तार थेट खटक्याला. कप्तानाने मूठ ओढली की मागे हूक उघडलाच. कप्तानाने पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘तुझी ती गाठ या टगवर नको. हा खटका मोकळाच राहिला पाहिजे.’’

‘‘हो साहेब,’’ मामा म्हणाला, आणि आठवडाभर खरंच मोकळा ठेवला. मग एक दिवस कप्तानाची बाही मुठीत अडकली, खटका पडला आणि ताणलेला दोर मामाच्या कानाशेजारून सणसणत गेला. कप्तानाने दहा वेळा माफी मागितली. मामाने ‘असू द्या हो’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप गाठ मारायला लागला. केबिनच्या मागच्या खिडकीतून हूक दिसायचा नाही, मध्ये दोर गुंडाळायचं मोठं चाक यायचं. बारा वर्षं तो ती गाठ मारत राहिला. बारा वर्षांत ती मूठ ओढायची वेळ एकदाही आली नाही, म्हणून गाठही कुणाला कळली नाही. आपण शहाणपणाच करतोय असं मामाला वाटायचं. वाटणारच की! कान अजून जागेवर होता.

एका माणसाला मात्र ती माहीत होती. जावयाला.

जावई म्हणजे मामाच्या बहिणीचा नवरा. त्याला टगच्या इंजिनावर मामानेच चिकटवलं, म्हणून सगळे त्याला जावईच म्हणत. हसरा माणूस. पाण्यात पडला की मासाच. सुट्टीच्या दिवशी लेकीला पाठीवर घेऊन खाडीच्या या काठावरून त्या काठावर जायचा आणि बायको काठावर उभी राहून शिव्या घालायची. कामाच्या पहिल्या दिवशी मामाने त्याला एक चाकू दिला होता, मुठीवर स्वतःच्या हाताने बारीक सुतळी विणून. टगवरच्या माणसाच्या खिशात चाकू हवाच.

इंजिनात उतरायचं दार हुकापासून दोन पावलांवर होतं. जावयाने दारातून डोकं वर काढलं की आधी ती गाठ दिसायची.

‘‘काय मामा, घातलात का हुकाला लंगोट?’’

‘‘तू तुझं इंजिन बघ.’’

‘‘बघतो की! माझं इंजिन लंगोटाशिवाय चालतं.’’

हा विनोद त्याने किती वर्षं केला असेल! पण कप्तानाला एका शब्दाने सांगितलं नाही. बायकोच्या भावाची चहाडी करायची कुणी?

त्या दिवशी सकाळी मामाची जुनी दोरी संपली होती. कोठारातून नवी मिळाली, नायलॉनची, तिपेडी, गुळगुळीत. ओढगाठ मारली तर ती सुळकन निसटायची. मामाने तीनदा मारली, तीनदा निसटली. तो वैतागला. समोरून जहाजाने भोंगा दिला, कप्तानाने हाक मारली. मग मामाने ओढगाठीचा नाद सोडला आणि पक्की गाठ मारली. दुहेरी. मनात म्हणाला, आजच्या दिवस चालेल, उद्या जुनी दोरी शोधू.

जहाज रिकामं होतं, बाहेर जायला निघालं होतं. वारा होता. नवीने त्याला मागून धरून ठेवायचं, एवढंच काम. मामा टगच्या पुढच्या टोकाला लटकवलेले टायर नीट करायला गेला. जहाजावरून इंजिन पुढे टाकायचा हुकूम जरा लवकर सुटला, आणि ते धूड हललं. नवी वळायच्या आत दोर आडवा झाला. डेक पायाखालून तिरकं झालं. केबिनमधून कप्तान ओरडला, ‘‘हूक! मामा, हूक!’’ मामा पळायला गेला तो सरळ पाण्यात फेकला गेला. वर आला तेव्हा नवीचं लाल पोट आकाशाकडे होतं.

कप्तान केबिनच्या खिडकीतून निघाला. जावई निघाला नाही. चौथ्या दिवशी तो दगडी बांधापाशी सापडला.

म्हणजे तो इंजिनाच्या खोलीत अडकला नव्हता, बाहेर आला होता. आणि तिथूनच बहिणीचा प्रश्न सुरू झाला. ‘‘दादा, तो बाहेर आला होता ना? मग त्याने उडी का नाही मारली? दारातून कठडा किती लांब?’’

‘‘दोन पावलं.’’

‘‘दोन पावलं! त्याला पोहता येत होतं रे.’’

रोज. सकाळी चहा गाळताना, दुपारी लेकीचा डबा घासताना, जेवताना. ती मामाला दोष देत नव्हती, हेच वाईट होतं. तिला फक्त कळायला हवं होतं. मामा ताटातला घास नुसता फिरवत बसायचा.

दुसऱ्या आठवड्यात चौकशी झाली. एक तपासणी अधिकारी, एक टिपून घेणारा, लांब टेबल. कप्तान उभा राहून म्हणाला, ‘‘मी मूठ ओढली. दोन्ही हातांनी ओढली. ती आलीच नाही.’’ अधिकाऱ्याने मामाला विचारलं, ‘‘खटका मोकळा होता?’’

दाराला काच होती. काचेपलीकडे बाकावर बहीण बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिने मामाकडे बघितलं.

‘‘हो,’’ मामा म्हणाला.

एक अक्षर! त्या एका अक्षराने कप्तानाचं वाटोळं केलं. मूठ चांगली, खटका मोकळा, मग हूक उघडला कसा नाही? लोक म्हणाले, म्हातारा गांगरला, हात थिजले, आता सारवासारव करतोय. पाणबुड्या उतरवून बघितला, पण नवीचा मागचा भाग पुरता गाळात रुतला होता, हुकापर्यंत हात पोचेना. टग वर काढायची ठरली. तोपर्यंत कप्तानाचा परवाना जमा. वर आल्यावर हूक बघू आणि कायमचा निकाल देऊ, असं अधिकारी म्हणाला.

कप्तान रोज सकाळी धक्क्यावर येऊन बसायला लागला. तेवीस वर्षं ज्याच्या हाताखाली काम केलं, त्या माणसासमोरून मामाला रोज जावं लागायचं. चहावाला आता कप्तानाला चहा द्यायचा तो लांबूनच, पोरासोराला द्यावा तसा. एकदा कप्तानाने मामाला थांबवलं.

‘‘मामा, सकाळी मागे तूच होतास. तार कुठे अडकली होती का रे? काही आठवतं?’’

‘‘नाही साहेब.’’

कप्तानाने स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाला, ‘‘मग मी ओढलीच नसेन. घरातलेही तेच म्हणतात. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. माझ्यामुळेच गेलं ते पोरगं.’’

मामा पुढे निघून गेला. त्या दिवशी सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं कुणाला? कप्तानाला सांगितलं की बहिणीला कळणार. जिला आईसारखं वाढवलं, तिच्या कपाळी हे आपल्याच हाताने आणलं, हे तिच्या तोंडावर बोलायचं कसं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, त्याने ठरवूनच टाकलं होतं. टग वर आली की सगळ्यांच्या आधी हुकापाशी जायचं, दोरी कापून पाण्यात फेकायची, आणि मग एक दिवस दगडी बांधाच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं नाही. बहिणीला निदान भाऊ तरी चांगला आठवेल.

तिसऱ्या महिन्यात क्रेनची मोठी तराफाबोट आली. दोन दिवस साखळ्या बांधण्यात गेले. टगची खडान्खडा माहिती असलेला माणूस म्हणून वर आल्यावर पहिल्यांदा मामालाच डेकवर उतरवायचं ठरलं. त्याला मागायचीही गरज पडली नाही. खिशात धार लावलेला चाकू होता.

नवी वर आली ती ओळखू येईना. अंगभर गाळ, केबिनच्या काचा गेलेल्या, दारादारातून काळं पाणी वाहतंय. धक्क्यावर अधिकारी, टिपून घेणारा, वीस-पंचवीस बघे, आणि सगळ्यांच्या मागे कप्तान. मामाच्या हातात पाण्याचा पाइप देऊन त्याला डेकवर सोडलं. मागच्या डेकवर काय चाललंय ते त्या मोठ्या चाकामुळे धक्क्यावरून दिसत नव्हतं. बारा वर्षं ज्या आडोशाने गाठ लपवली, तोच आडोसा आजही होता.

त्याने पाइप हुकावर धरला. गाळ पातळ होऊन वाहायला लागला. आधी हूक दिसला, मग खटका, मग दोरी. नायलॉनच ते, तीन महिन्यांत त्याला काय होणार! दुहेरी गाठ तशीच घट्ट होती. मामाने पाइप खाली टाकला, चाकू काढला आणि खाली वाकला.

दोरी आधीच कापलेली होती.

पुरती नाही. वेढे खटक्याला जिथे करकचून बसले होते, तिथे तीन पेडांपैकी दोन कापलेले होते. तिसऱ्या पेडात एक पातं रुतून बसलं होतं, गंजलेलं, खटका आणि दोरी यांच्या मध्ये चेपून अडकलेलं. पात्याला मूठ होती. मुठीवर विणलेली बारीक सुतळी होती. मामाने आपल्या हाताने विणलेली.

मामा गाळातच बसला. दारातून दोन पावलं कठडा, दोन पावलं हूक. कप्तान ‘हूक’ म्हणून ओरडला तेव्हा टगवर एकाच माणसाला माहीत होतं की मूठ ओढून काही होणार नाही. कप्तान केबिनमध्ये होता, मामा पुढे होता. तो हुकाकडे वळला. आधी टोक ओढलं असेल, रोजची ओढगाठ असेल म्हणून. ती आली नसेल. मग खिशात हात घातला असेल. अरे, उडी मारायची होतीस रे गाढवा! मामा मोठ्याने बोलला. उडी मारायची होतीस.

एकच पेड राहिला होता. चाकूचा एक झटका, दोरी पाण्यात, आणि कुणाला काही कळलं नसतं. मामाने चाकू टेकवलाही. पण त्या पात्याशेजारी त्याला आपलं पातं चालवता येईना. सगळ्यांना वाचवायला त्या पोराने हाती घेतलेलं जे काम अर्ध्यावर राहिलं, ते आपण आपली कातडी वाचवण्यासाठी पुरं करायचं? त्याने चाकू पाण्यात फेकून दिला, चाकाला धरून उभा राहिला आणि ओरडला, ‘‘साहेब! इकडे या! कुणी हात लावू नका, आधी बघा!’’

अधिकारी शिडीवरून उतरला. मामाने बोट दाखवलं. ‘‘ही गाठ माझी. मी मारली. खटका मोकळा नव्हता, मी खोटं बोललो. कप्तानाने मूठ ओढली असेल, दहा वेळा ओढली असेल, पण ती येणार कशी?’’

‘‘आणि हा चाकू?’’

‘‘जावयाचा.’’

धक्क्यावर कुणीतरी कप्तानाला पुढे आणलं. तो कडेला उभा राहून खाली बघत होता. मामाला वाटलं होतं, शिव्या घालेल, अंगावर धावून येईल. कप्तान फक्त म्हणाला, ‘‘म्हणजे मी ओढली होती.’’ मग पुन्हा म्हणाला, ‘‘ओढली होती मी,’’ आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. मामाकडे त्याने बघितलंही नाही.

मामा तसाच गाळाच्या कपड्यांनी घरी गेला. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत पोचायचं होतं. बहीण लेकीची वेणी घालत बसली होती. शाळेची वेळ होती. त्याचा अवतार बघून तिचे हात थांबले.

तो दारातच उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. म्हातारीपासून नाही, आजच्यापासून उलट सांगितलं, आधी चाकू, मग गाठ, मग ते ‘हो’. भाची मान वळवायला गेली तर बहिणीने हाताने तिचं डोकं परत सरळ केलं.

‘‘पक्की का मारलीस? रोज तर ओढगाठ मारायचास.’’

‘‘नवीन दोरी होती. निसटत होती.’’

‘‘तेवढ्यासाठी?’’

‘‘तेवढ्यासाठी.’’

‘‘किती राहिली होती कापायची?’’

‘‘एक पेड,’’ तो म्हणाला.

तिच्या मुठीत लेकीचे केस होते, तीन भाग केलेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मामा जायला वळला. आता थांबण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, आणि कुठे जायचं ते त्याचं ठरलेलं होतं.

‘‘दादा.’’

तो थांबला.

‘‘कुठे निघालास ते कळतंय मला. तुला मीच तेवढी ओळखते.’’ तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. ‘‘जायचं नाही. ही मोठी झाली की विचारेल, बाबाने उडी का नाही मारली. तिला मी सांगणार नाही. तू सांगायचंस, आत्ता मला सांगितलंस तसंच. तोपर्यंत जगायचं.’’

भाची आठ वर्षांची होती. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. ती आईला म्हणाली, ‘‘आई, लवकर घाल ना, शाळेची घंटा होईल.’’ बहिणीने एक भाग दुसऱ्यावर टाकला, पण बोटं चालेनात. सगळे केस पुन्हा मोकळे सुटले.

मामा दारातच उभा राहिला. त्याला आत कुणी बोलावलं नाही, आणि त्याला जाताही येत नव्हतं.